मदत हवी आहे: 'समुद्र' झीनला गुण कसे द्यायचे? परवा नोंदी द्यायच्या आहेत

सातवा_तास
नमस्कार. वर्गातल्या मुलांकडून समुद्रावर झीन करून घेतले. गुण द्यायला बसून दोन दिवस झाले, अजून एकावरही आकडा टाकता आलेला नाही. एक झीन अगदी स्वच्छ आहे. अक्षर मोत्यासारखं, माहिती बिनचूक, पण त्यात त्या पोराचं स्वतःचं एक वाक्य नाही. दुसऱ्यात शुद्धलेखनाच्या चुका, चित्रं गिचमिड, माहितीतही तीन ठिकाणी मी लाल रेघ मारली आहे, आणि तेच मी चार वेळा वाचलं. कोणाला किती द्यायचे? कुणाकडे तयार तक्ता असेल तर कृपया इथे टाका. परवा नोंदी द्यायच्या आहेत.

वर्धाकाठ
मॅडम, वर्ग कोणता? मुलं किती? एकेकट्यानं केलं की गटात? कोणत्या विषयाचे गुण? हे कळल्याशिवाय तक्ता द्यायचा कसा?

माळरान
झीन म्हणजे काय? हस्तलिखितच ना?

शाईचा_डाग
नाही. शाळेच्या हस्तलिखिताला संपादक मंडळ असतं, मुख्याध्यापकांचं मनोगत असतं, ज्याचं अक्षर चांगलं तो सगळ्यांचं उतरवून काढतो. झीन एकट्याचं असतं. ए-फोर कागद आडवा धरायचा, घड्या घालून आठ चौकोन पाडायचे, मधल्या घडीवर एक काप द्यायचा आणि दुमडायचं. टाचणीही न लावता आठ पानांची वही तयार. मूळ शब्द 'फॅनझीन'. १९४० साली अमेरिकेत विज्ञानकथांचे वेडे वाचक आपापली पत्रकं काढून एकमेकांना टपालानं पाठवायचे, त्यांच्यात तो रूढ झाला. म्हणजे एखाद्या गोष्टीवर जीव असलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं काढलेलं पत्रक. म्हणून ताई, मी पहिला निकष हा धरेन: या मुलाला समुद्राचं काय आवडलं, ते वाचून कळतं का?

सातवा_तास
सातवी. १९ मुलं. प्रत्येकाचं वेगळं झीन. आठ पानं हवीत आणि मुखपृष्ठ हवं, एवढंच सांगितलं होतं. निकष सांगितले नव्हते, तेव्हा सुचलंच नाही.

वर्धाकाठ
मग आधी हिशोब. सातवीला आकारिक (वर्षभराच्या कामाचे) ४० आणि संकलित (सत्र परीक्षेचे) ६०. त्या ४० मध्ये तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी सगळं बसवायचं असतं, त्यामुळे एका झीनला १० पेक्षा जास्त देऊ नका. त्या १० ची माझी वाटणी: माहिती ३, भाषा २, मांडणी व चित्रं २, स्वतःचं निरीक्षण ३. वर्णनात्मक नोंदीत 'छान', 'उत्तम' लिहून सोडू नका. त्यातून ना पालकाला काही कळतं ना पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला. 'स्वतः प्रयोग करून त्याची नोंद ठेवतो' असं लिहा. एकतीस वर्षं नोकरी केली, हजारो नोंदी वाचल्या, त्यातून एवढं सांगू शकतो.

रानवाटा
गुरुजी, आदर आहे, पण भाषेचे २ गुण मला पटत नाहीत. शुद्धलेखन तपासणार हे मुलांना सांगितलंच नव्हतं. खेळ संपल्यावर नियम सांगून बाद करायचं का? शिवाय घरी कोलामी किंवा बंजारा बोलणाऱ्या मुलाचे गुण दरवेळी तिथेच जातात.

वर्धाकाठ
शुद्धलेखन म्हटलं नाही मी, भाषा म्हटलं. वाक्य समजलं तर दोन्ही गुण द्या. आणि मुलांना बोलीत लिहू द्यावं हे मी १९९५ पासून सांगत आलोय, ते तुम्ही मला सांगू नका.

सुलेख
अक्षरासाठी दुरेघी वही सुरू करा. रोज पाच ओळी, शाईच्या पेननं. बॉलपेन बंद. तीन महिन्यांत फरक पडतो, माझ्या वर्गात पडला आहे.

माळरान
ते स्वच्छ झीन मोबाइलवरून उतरवलेलं आहे. आजकाल प्रश्न विचारला की आख्खा निबंध तयार मिळतो. सरळ शून्य द्या, बाकीच्यांनाही धाक बसेल.

रानवाटा
शून्य कशाबद्दल? आठ पानं हातानं लिहिली ना त्यानं? ताई, त्याला पाच मिनिटं एकटं बसवा आणि झीन मिटून विचारा: यातलं कोणतं पान तुला आवडतं, आणि का? उतरवलेलं असेल तर तिथंच कळतं. आणि उतरवलं का, तेही कळतं.

भूगोल_तास
लाल रेघ मारलेल्या तीन चुका कोणत्या, ते सांगा ना. सगळे तक्त्यावर भांडताहेत, झीन कुणी पाहिलंच नाही.

सातवा_तास
त्या मुलीची वाक्यं जशीच्या तशी देते.
'आमच्या शाळेमागच्या नाल्याचं पाणी अरबी समुद्रात जाते अन माह्या मामाच्या गावचं पाणी बंगालच्या उपसागरात जाते.' विदर्भातल्या नद्या बंगालच्या उपसागराला मिळतात, म्हणून पहिलं अर्धं वाक्य खोडलं.
'भारताला ११,०९८ किमी समुद्रकिनारा आहे.' पुस्तकात ७,५१६ किंवा ७,५१७ आहे.
'समुद्र आभाळामुळे निळा नसते, पाणीच निळं असते.' इथे मी 'आकाशाचे प्रतिबिंब' असं लिहून दिलं.

पळसफूल
पहिली रेघ बरोबर. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, इंद्रावती, सगळ्या शेवटी गोदावरीत. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, मी त्या संगमावर जाऊन आलोय. विदर्भाचं पाणी पूर्वेलाच जातं.

मोर्णाकाठ
अन पूर्णा कोठी जाते मंग, भाऊ? आमच्या अकोल्याचं सारं पाणी पूर्णेत, पूर्णा तापीत, अन तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात. चांदा-गडचिरोली म्हणजेच विदर्भ हाय का? मॅडम, गाव कोणतं ते सांगा आधी. गाव माहीत नसताना पोरीचं वाक्य काहून खोडता?

सातवा_तास
वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका. नाला पुढे काटेपूर्णेला मिळतो. तिचे मामा रिसोडकडचे.

भूगोल_तास
मग ती मुलगी शंभर टक्के बरोबर आहे. काटेपूर्णा तुमच्याच जिल्ह्यात उगम पावते आणि उत्तरेला अकोल्याकडे जाऊन पूर्णेला मिळते. तिथून तापी, तिथून खंबातचं आखात, म्हणजे अरबी समुद्र. रिसोडकडचं पाणी पैनगंगेत, ती वर्धेत, वर्धा-वैनगंगा मिळून प्राणहिता, ती गोदावरीत, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे तुमच्या भागात जलविभाजक आहेत. एकाच पावसाचे दोन थेंब डोंगराच्या दोन अंगांना पडले तर देशाच्या दोन टोकांना पोचतात. सातवीतल्या मुलीनं हे मामाच्या गावाला जाता-येता पाहून लिहिलं असेल तर ते वाक्य मुखपृष्ठावर छापा.

किनाऱ्याचंही तिचंच खरं. ७,५१६ हा आकडा १९७० च्या सुमाराचा. केंद्र सरकारनं अलीकडे जास्त बारकाव्याचे नकाशे घेऊन पुन्हा मोजणी केली, तेव्हा ११,०९८ भरला. महाराष्ट्राचा जवळपास ६५३ चा ८७८ झाला. जमीन वाढलेली नाही. नकाशा जितका बारीक, तितकी प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण मोजात येतं. वर्गात करून पाहा: गावतळ्याचा काठ आधी लांब काठीनं मोजायचा, मग वीतभर सुतळीनं. दोन वेगळी उत्तरं येतील, आणि सुतळीचं मोठं येईल.

प्रयोगवही
तिसरी रेघही काढा, मॅडम. पाणी प्रकाशातला लाल रंग जास्त शोषून घेतं, निळा कमी. शिवाय पाण्याचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. पेल्यात हे दिसत नाही, त्यासाठी पाण्याचा खोल थर लागतो. १९२१ साली सी. व्ही. रामन बोटीनं युरोपचा प्रवास करत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून 'हे आभाळाचं प्रतिबिंब' हे उत्तर त्यांना पटेना. प्रतिबिंबाची चमक वगळून पाहिलं तरी पाणी निळंच दिसलं. तिथून सुरू झालेलं काम पुढे २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत गेलं, ज्या दिवशी आपण शाळेत विज्ञान दिन साजरा करतो. ढगाळ दिवशी समुद्र करडा दिसतो, तेवढा आभाळाचा वाटा आहेच. पण मुलीचं वाक्य चूक नाही.

खाडीकिनारा
मी मालवणचा. एवढी चर्चा करण्यापेक्षा पोरांना एकदा समुद्र दाखवा. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, सगळं होईल. राहायची सोय मी बघतो.

मोर्णाकाठ
दादा, वाशीमहून मालवण किती लांब हाय माहीत आहे का? पोरांचे मायबाप सोयाबीन काढायला रोजानं जातात. सहलीचे पैसे कोठून आणतील?

खाडीकिनारा
रागावू नका हो. मनापासून म्हटलं. राहायचं-जेवायचं खरंच माझ्याकडे.

सातवा_तास
खाडीकिनारा दादा, मनापासून आभार, पण उद्या नोंदी आहेत.

मला रात्रभर झोप नव्हती. तीन रेघा मारल्या, तिन्ही चुकीच्या. तपासणारी मी, आणि शोधून पाहायचे कष्ट मी घेतले नाहीत, तिनं घेतले. ११,०९८ हा आकडा तिला ग्रामपंचायतीत येणाऱ्या वर्तमानपत्रात मिळाला होता, कात्रण जपून ठेवलंय. आभाळाचं तिनं विज्ञान दिनाच्या भाषणात ऐकलं होतं. भाषण आमच्याच शाळेत झालं होतं.

त्या झीनमधली आणखी दोन पानं सांगते. पाचव्या पानावर तिनं एक लिटर पाण्यात सात चहाचे चमचे मीठ विरघळवलं, समुद्राइतकं खारट, आणि ते थोडं थोडं करून स्टीलच्या ताटलीत घराच्या टिनावर वाळत ठेवलं. आमच्याकडचं एप्रिलचं ऊन, दुसऱ्या दिवशी ताटलीत पांढरा थर. तो फेविकॉलनं पानावर चिकटवलाय. सहाव्या पानावर लिहिलंय: 'मले आधी भरती म्हणजे पोलीस भरतीच वाटे. माहा दादा पहाटे डांबरीवर पयते. मंग समजलं का समुद्रालेही भरती येते, चंद्रामुळे, दिवसातून दोनदा.' खाली चंद्र, लाट आणि पळणारा दादा, तिघे एका ओळीत.

प्रयोगवही
सात चमचे, एका चमच्यात साधारण पाच ग्रॅम, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम. समुद्राचं सरासरी प्रमाण तेच. सपाट चमचे मोजले असतील तर मुलगी फार काटेकोर आहे.

रानवाटा
आणि स्वच्छ झीनवाला मुलगा? त्याला विचारलं का?

सातवा_तास
आज मधल्या सुट्टीत बसवलं. कोणतं पान आवडतं म्हटल्यावर मान खाली. थोड्या वेळानं म्हणाला, 'बाई, मी समुद्र पाह्यला हाय.' त्याचे वडील पनवेलकडे बांधकामावर असतात. दिवाळीत तो महिनाभर तिथं होता, तेव्हा उरणला गेले होते. ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं, होड्या चिखलात एका कुशीवर पडलेल्या, आणि वास आठवडी बाजारातल्या सुकटीच्या दुकानासारखा. लाट पाहायला गेलो आणि चिखलच दिसला, म्हणून वडिलांना वाईट वाटलं, असंही म्हणाला. अख्ख्या वर्गात समुद्र पाहिलेला तो एकटाच, आणि झीनमध्ये त्यातलं अक्षर नाही. का नाही लिहिलंस विचारलं, तर म्हणतो, 'ते काय माहिती असते का बाई?'

शाईचा_डाग
त्याला आजच्या आज लिहायला लावा. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत चिकटवू दे, झीनमध्ये तसं चालतं. आणि झेरॉक्स काढणार असाल तर चित्रं काळ्या जेल पेननं गिरवून घ्या, पेन्सिल उमटत नाही.

वर्धाकाठ
मॅडम, माझा तक्ता बदलतो. माहिती २, भाषा १, मांडणी २, स्वतः पाहिलेलं-केलेलं-विचारलेलं ५. माहिती कुठून मिळाली ते लिहिलं असेल तर माहितीचे दोन्ही गुण द्या. पुढच्या वर्षी हे झीन सुरू करायच्या आधी फळ्यावर लिहा.

माळरान
मुलानं चिठ्ठी चिकटवली तर गुण बदलणार? मग बाकीच्यांनाही दुसरी संधी द्यावी लागेल. नाहीतर अन्याय होईल.

सातवा_तास
बरोबर आहे तुमचं. उद्या १९ जणांना एकेक कोरी चिठ्ठी देते: 'झीनमध्ये लिहायचं राहिलेलं एक.' संध्याकाळी गुण. वर्धाकाठ गुरुजींचा दुसरा तक्ता घेते. मुलीच्या झीनवरच्या तिन्ही लाल रेघांशेजारी हिरव्या शाईनं 'तुझं बरोबर, माझं चुकलं' असं लिहून सही केली आहे. देवमाशाला तिनं 'सर्वात मोठा मासा' म्हटलंय, तो सस्तन प्राणी आहे, तेवढं तिला तोंडी सांगेन.

एक शेवटचं विचारते. पाचव्या पानावरचं मीठ पावसाळ्यात ओल धरेल ना? ते पान जपायचं आहे.

प्रयोगवही
धरेल, मीठ हवेतला ओलावा ओढतं. मृग लागायच्या आत उन्हात कडक वाळवा, वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी कडेकडेनं हवा न राहता दाबून लावा, आणि झीन घट्ट झाकणाच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवा.

सुलेख
चिठ्ठीवरही दुरेघी आखून द्या.