जुन्या इंजिनावर जास्त कॉम्प्रेशनचं हेड: बसवावं की नाही?

तिसरा गियर (धागाकर्ता)

माझी गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए. चार सिलिंडर, ३.३ लिटर, साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह वर नाहीत, सिलिंडरशेजारी ब्लॉकमध्ये), ४० हॉर्सपॉवर. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, अवघा ४.२२. सपाट रस्त्यावर तिच्यासारखं सुख नाही. चढ लागला की मात्र तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागतं आणि मागे गाड्यांची रांग लागते. मूळ हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवून ५.५ रेशोचं हेड चढवायचं माझं जवळजवळ ठरलंय.

४.२२ हा आकडा आला तो त्या काळच्या पेट्रोलमुळे. तेव्हाचं साधं पेट्रोल जरा जास्त दाबलं की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटायचं आणि इंजिन ठोकू लागायचं. आजचं साधं पेट्रोलसुद्धा ९० ऑक्टेनच्या (ठोके न देता दाब सोसण्याच्या मापाच्या) पुढे आहे, त्याला ५.५ म्हणजे काहीच नाही.

हिशेब करून बघा. एका सिलिंडरचा पिस्टन ८२१ सीसी जागा कापतो. ४.२२ ला पिस्टन वर आल्यावर २५५ सीसी जागा उरते, ५.५ ला १८२. आदर्श ऑटो सायकलच्या (पेट्रोल इंजिनाच्या पुस्तकी चक्राच्या) सूत्राने कार्यक्षमता सुमारे ४४ टक्क्यांवरून ४९ वर जाते, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलमधून १३ टक्के जास्त काम. खऱ्या इंजिनात एवढं पदरात पडत नाही, पण त्यातलं अर्धं मिळालं तरी चढावर कळेल. शिवाय जळालेला वायू जास्त पसरून बाहेर पडतो, त्यामुळे एक्झॉस्ट थोडा थंड राहतो. साइड व्हॉल्व्हमध्ये एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच जाते, म्हणजे ब्लॉकही कमी तापेल, हे लक्षात घ्या.

दुसरं, चेंबरचा आकार. पहिल्या महायुद्धानंतर हॅरी रिकार्डो यांनी साइड व्हॉल्व्ह इंजिनाचं हेड पिस्टनच्या माथ्यालगत खाली आणलं. वर येणारा पिस्टन त्या चिंचोळ्या फटीतलं मिश्रण व्हॉल्व्हच्या बाजूला जोरात ढकलतो, घुसळण होते आणि ज्योत झपाट्याने पसरते. चांगली नवी हेडं याच तत्त्वावर ओतलेली असतात. आणि जास्त कॉम्प्रेशनचं हेड फोर्डनेच पोलिसांच्या गाड्यांसाठी दिलं होतं, तेव्हा ही कल्पना आपल्या काळातली नाही.

व्हाइटमेटल

विरोध आहे, आणि तो हेडला नाही. तुम्ही वरचा मजला चढवताय, मी पायाबद्दल बोलतोय.

या इंजिनाला मेन बेअरिंग, म्हणजे क्रँक (पिस्टनच्या रॉडनी फिरणारा मुख्य दांडा) पेलणारी बेअरिंग, तीनच. क्रँकला काउंटरवेट (तोल साधणारी वजनं) नाहीत. मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ४१ मिलिमीटर, बिग एन्ड (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो ती जागा) ३८. बेअरिंग म्हणजे ओतून घासलेलं व्हाइट मेटल, एक मऊ मिश्रधातू. कनेक्टिंग रॉडला दाबाने तेल मिळत नाही, रॉडच्या टोकाची पळी तेलात बुडून जेवढं उडवेल तेवढंच. आता प्रत्येक स्फोटाचा दाब वाढवा. व्हाइट मेटल लगेच जात नाही. आधी केसासारख्या चिरा पडतात, मग खवले सुटतात आणि एक दिवस खालून टकटक ऐकू येते.

१९३२ ची मॉडेल बी बघा. पॉवर ४० वरून ५० वर नेताना फोर्डने नुसतं हेड बदललं नाही. मेन जर्नल ५१ मिलिमीटरचे केले आणि मेन बेअरिंगना दाबाने तेल दिलं. ज्यांनी ते इंजिन बनवलं त्यांना ताकदीबरोबर क्रँकही जाड करावासा वाटला, यातून काय समजायचं ते समजा.

तिसरा गियर

मॉडेल बीचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण कमाल दाब फुल थ्रॉटलला येतो, आणि मी ती क्वचितच देतो. उलट आज मी काय करतो? चढावर जमेल तितकं तिसऱ्यातच रेटतो, स्पार्कचा दांडा (ठिणगीची वेळ मागेपुढे करणारा) पुढेच राहतो, आणि इंजिन कमी फेऱ्यांवर कण्हत वर चढतं. बेअरिंगला यापेक्षा वाईट काय असेल? ताकद असली तर तोच चढ ते विनातक्रार चढेल.

सावकाश

माझा विरोध वेगळा आहे. ४.२२ ही या गाडीची चूक नाही, तो तिचा स्वभाव आहे. हँडल मारून ती चालू होते ती त्याच्यामुळेच. चढावर दुसऱ्या गियरमध्ये येणं हे तिला चालवण्यातलंच एक काम आहे. स्पार्क मागे घ्यायचा, डबल क्लच करायचा (एका गियरबदलात क्लच दोनदा दाबायचा), आवाज ऐकून दात जुळवायचे. एवढं सगळं काढून टाकल्यावर उरते ती जुन्या पत्र्याची नवी गाडी. आणि ब्रेक? ते तर दांड्यांवर चालणारे यांत्रिकच आहेत. चढ वेगाने चढलात तरी उतार त्याच ब्रेकवर उतरायचा आहे.

तिसरा गियर

ब्रेकचं पूर्ण पटलं. मला वरचा वेग वाढवायचा नाही, चढावरची ओढ हवी आहे. स्वभावाचं मात्र पटत नाही. जी गाडी रस्त्यावर यायला कचरते ती हळूहळू चादरीखालीच राहते, आणि उभ्या गाडीची सीलं वाळतात, टाकी गंजते. फिवाची (जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची) तुरिन सनदही बदलाला सरसकट नाही म्हणत नाही. बदल मागे फिरवता यावा आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत, असं सांगते. माझं जुनं हेड तेल लावून, कापडात गुंडाळून फळीवर राहील. नट सोडले की एका दुपारी ते परत बसेल.

सावकाश

हेड परत बसेल. चिरलेलं बेअरिंग परत येणार नाही, ते पुन्हा ओतावं लागेल. मागे फिरवता येणारा बदल आपण सुट्या भागावरून ठरवतो, त्याचा परिणाम कुठे होतो ते बघत नाही.

पण जे नट सोडून बदलतात त्यांच्याशी माझं भांडण कमी आहे. मूळ हेडचाच तळ मशीनवर घासून कॉम्प्रेशन वाढवतात, ते मला सहन होत नाही. धातू एकदा गेला की गेला.

फीलर गेज

दोन्ही बाजू एका गोष्टीला बगल देताहेत. "हेड बदललं आणि गाडी बदलली" असं म्हणणाऱ्यांनी त्याच दिवशी आणखी काय काय केलेलं असतं ते बघा. कार्बन खरवडला, व्हॉल्व्ह लॅप केले (पेस्टने सीटवर घासून बसवले), टॅपेटची फट लावली, गॅस्केट नवं, प्लग-पॉइंट नवे, टायमिंग पुन्हा बसवलं. मग श्रेय सगळं हेडला कसं?

मी हे मुद्दाम वेगवेगळं करून पाहिलं. माझंही इंजिन साइड व्हॉल्व्हच. मूळ हेड काढलं तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर काळे ठिपके होते, एकावर तर गळतीची अर्धचंद्राकार खूण स्पष्ट दिसत होती. पेस्ट लावून सक्शन कपच्या काठीने घासत बसलो, सीटवर राखाडी रंगाचं सलग वर्तुळ दिसेपर्यंत. मग व्हॉल्व्ह बसवून वर रॉकेल ओतलं आणि तासभर थांबलो, थेंबही उतरला नाही. तेच जुनं हेड परत चढवलं. ज्या चढावर दुसरा गियर लागायचा तो पुढच्या आठवड्यात तिसऱ्यात सुटला. नवं हेड नंतर बसवलं. त्यानेही फरक पडला, पण त्या पहिल्या फरकापेक्षा लहान.

बसवायचंच असेल तर दोन गोष्टी जपा. नव्या हेडखाली व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वर जागा उरते का, ते मऊ मातीची गोळी ठेवून इंजिन हाताने फिरवून तपासा. साइड व्हॉल्व्हमध्ये ही जागा फार आवळली की मिश्रणाची वाटच अडते आणि कमावलेलं तिथेच गमावता. आणि स्पार्क पूर्वीइतका पुढे नेऊ नका, ज्योत आता लवकर पोचते. जुन्या सवयीने दांडा खाली ओढलात तर ठोके थेट व्हाइटमेटल म्हणतात त्या बेअरिंगवर बसतील.

व्हाइटमेटल

हे मनापासून पटलं. धागाकर्ते, तुमच्या बेअरिंगच्या कॅप शेवटच्या कधी उघडल्या होत्या?

तिसरा गियर

मी घेतल्यापासून एकदाही नाही. आधीच्या मालकाने "बेअरिंग उत्तम" म्हटलं आणि मी विश्वास ठेवला. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

बेत बदलतो. आधी तेल काढून पॅन उतरवतो, तिन्ही मेन आणि चारही बिग एन्डच्या कॅप खोलून प्लास्टिगेजने (दाबून चपटी होणाऱ्या मोजपट्टीच्या धाग्याने) फट मोजतो आणि कॅपखाली किती शिमा (फट जुळवणाऱ्या पातळ पत्र्याच्या चकत्या) उरल्या आहेत ते बघतो. शिमा संपल्या असतील किंवा मेटलमध्ये एक जरी चीर दिसली, तर नवं हेड खोक्यातच राहील. सगळं ठीक निघालं तर फीलर गेज यांच्या क्रमाने: कार्बन, व्हॉल्व्ह, जुनंच हेड, तोच चढ. मग ५.५. सहा रेशोच्या हेडचाही विचार मनात होता, तो काढून टाकला.

व्हाइटमेटल

मधल्या मेनची कॅप आधी खोला आणि शिमा निघतील तशा डाव्या-उजव्या वेगळ्या ठेवा. मोजमापं इथे टाका, मग ५.५ बद्दल पुन्हा भांडू.