बीसीमध्ये (ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा) सरकारी होम केअर: यातलं नक्की काय मागायचं?

अनघा_एस
नमस्कार मंडळी. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, मागच्या महिन्यात स्ट्रोक आला, उजवी बाजू कमजोर झालीये, बोलणं बऱ्यापैकी ठीक आहे पण कोणी धरल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही. आता हॉस्पिटलवाले डिस्चार्जचं बोलायला लागलेत आणि तिथली सोशल वर्कर म्हणाली की होम अँड कम्युनिटी केअरला रेफरल टाकलंय, आणि एक माहितीपत्रक हातात ठेवून गेली. त्यात होम नर्सिंग, होम सपोर्ट, रिहॅब, अ‍ॅडल्ट डे प्रोग्रॅम, रेस्पिट, असिस्टेड लिव्हिंग, लाँग टर्म केअर अशी यादीच आहे, पण कुठलं कशासाठी, फुकट कुठलं आणि पैसे कशाचे, काही म्हणजे काही कळत नाहीये. आम्ही दोघंही नोकरी करतो, मी दोनच दिवस घरून काम करू शकते. कोणी यातून गेलंय का?

दत्तू७
आधी हे सांगा, सासूबाई पीआर (कायमच्या रहिवासी) आहेत का सुपर व्हिसावर (आईवडिलांना लांब मुक्कामासाठी मिळतो तो)? कारण सुपर व्हिसावर असतील तर वरच्या यादीतलं काहीही मिळणार नाही, सगळं तुमच्या खिशातून किंवा त्या प्रायव्हेट इन्शुरन्समधून. त्या व्हिसाला कमीत कमी १ लाख डॉलरचं कव्हर घ्यावंच लागतं, पण घरी येऊन आंघोळ घालणाऱ्या बाईचे पैसे त्यातून निघतील अशी आशा ठेवू नका, पॉलिसी नीट वाचा.

अनघा_एस
पीआर आहेत, बरीच वर्षं झाली इथे येऊन, एमएसपी (बीसीचा सरकारी आरोग्य विमा) आहे.

मीना_ओटी
मग प्रश्न नाही. १९ वर्षांच्या वर, सिटिझन किंवा पीआर, बीसीमध्ये तीन महिने राहिलेले, आणि तब्येतीमुळे स्वतःचं स्वतः करता येत नाही, एवढं असलं की अर्ज करता येतो. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी, म्हणजे पेशंटला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी) आहे, याच कामात आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

ती यादी वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्याला लायसन्सवाला माणूस लागतो ते फुकट, म्हणजे नर्स येऊन जखमेचं ड्रेसिंग करणं, इंजेक्शन, औषधं बघणं, आणि रिहॅब म्हणजे फिजिओ आणि आमच्यासारखे ओटी. याचं बिल येत नाही. आणि जे रोजचं आहे, उठवणं, आंघोळ, कपडे, टॉयलेटला नेणं, बेडवरून खुर्चीत बसवणं, ते होम सपोर्ट. त्याला कम्युनिटी हेल्थ वर्कर येते आणि त्याचा क्लायंट रेट असतो, म्हणजे पेशंटने भरायचा दर, जो उत्पन्नावर ठरतो. सासूबाईंना जीआयएस (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांचा सरकारी भत्ता) मिळत असेल तर शून्य. नसेल तर टॅक्स रिटर्नवरून हिशोब होतो, म्हणून उत्पन्न काही नसलं तरी दरवर्षी त्यांचं रिटर्न भरलेलं असू द्या. आपल्याकडे बरेच जण "आईला कुठे इन्कम आहे" म्हणून भरतच नाहीत आणि मग ऐनवेळी धावपळ होते.

होम सपोर्टची वर्कर स्वयंपाक, झाडलोट, कपडे धुणं हे करायला येत नाही हे आधीच मनात पक्कं करा. तिच्याकडे केअर प्लॅन असतो आणि त्यात लिहिलेलं तेवढंच ती करते. "जाता जाता एवढी भांडी घासून जा" म्हटलं तर ती नाहीच म्हणणार, आणि त्यात तिचा काही दोष नाही. साफसफाई, डॉक्टरकडे ने-आण, गप्पा मारायला कोणी, याच्यासाठी बेटर अ‍ॅट होम म्हणून वेगळा प्रोग्रॅम आहे, पैसा प्रांताचा आणि चालवते युनायटेड वे, तिकडे वेगळी नोंदणी करा.

आता स्ट्रोकबद्दल. तुम्ही पहिल्यांदा मागायची गोष्ट म्हणजे ओटीची घरची भेट, शक्यतो डिस्चार्जच्या आधीच. आम्ही येऊन टेप लावून टबच्या कडेची उंची मोजतो, टॉयलेटची मोजतो, दारातून वॉकर जातो का बघतो. उजवी बाजू कमजोर म्हणजे आधाराचा दांडा डाव्या हाताला येईल असा बसवायला लागतो, आणि लोक हौसेने आपणच दुकानातून आणून सोयीच्या भिंतीला ठोकून टाकतात जिथे तो हात पोचतच नाही. टबमध्ये पाय उचलून टाकणं बंद, ट्रान्सफर बेंच आणा, म्हणजे बाहेरच्या बाजूला बसायचं आणि सरकत आत जायचं. बेंच, वॉकर, कमोड हे विकत घेऊ नका लगेच, रेड क्रॉसकडे सामान उसनं मिळतं, ओटी किंवा फिजिओ फॉर्म भरून देतात.

असिस्टेड लिव्हिंग आणि लाँग टर्म केअर हे घर सोडून तिकडे राहायला जायचं. सरकारी सबसिडीवालं असिस्टेड लिव्हिंग (थोड्या मदतीसह राहणं) घेतलं तर टॅक्सनंतरच्या उत्पन्नाच्या ७०% भरावे लागतात आणि लाँग टर्म केअरला (चोवीस तास देखभाल) ८०% पर्यंत, दोन्हीला वरची मर्यादा आहे. आत्ता त्यात पडू नका.

शिरीष_टोरांटो
आमच्या ऑन्टारिओत हे जरा वेगळं आहे म्हणून सांगतो, कारण अनघाताई तुम्हाला इकडचे नातेवाईक "आमच्याकडे तर सगळं फुकट" असं सांगतील आणि तुम्ही गोंधळाल. इथे ओएचआयपी (ऑन्टारिओचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर पीएसडब्ल्यूची (घरी येऊन आंघोळ वगैरे घालणाऱ्या मदतनीसाची) मदतसुद्धा फुकट, सगळं ऑन्टारिओ हेल्थ अ‍ॅटहोम नावाच्या एकाच संस्थेतून येतं, २०२४ मध्ये १४ वेगवेगळ्या संस्था एकत्र करून ती केली. पण फुकट म्हणजे भरपूर नव्हे हो. माझ्या वडिलांना जेवढे तास मिळाले त्यात आंघोळ जेमतेम व्हायची.
आणि प्रांताप्रांतात फरक का, तर १९८४ चा कॅनडा हेल्थ अ‍ॅक्ट हॉस्पिटल आणि डॉक्टर यांचीच सक्ती करतो, होम केअर त्या सक्तीत नाही, मग प्रत्येक प्रांत आपापलं ठरवतो.

पूर्वा_के
मी तीन गोष्टी सांगते ज्या मला कोणी आपणहून सांगितल्या नव्हत्या, खणून काढाव्या लागल्या.
एक, अ‍ॅडल्ट डे प्रोग्रॅम. सकाळी बस येते, दिवसभर तिथे व्यायाम, जेवण, नर्सचं लक्ष, दुपारी परत सोडतात. बीसीत दिवसाला जास्तीत जास्त १० डॉलर घेऊ शकतात, बसचं भाडं वेगळं लागू शकतं. तुमच्या ऑफिसच्या तीन दिवसांना हाच उपाय आहे, होम सपोर्टच्या तासाभरात तुमचा दिवस भरून निघणार नाही. वेटिंग असतं म्हणून आजच नाव टाका. माझी आई पहिले काही दिवस "मला पाळणाघरात टाकलंय" म्हणून फुगून बसायची, मग तिथे एक गुजराथी आजी भेटल्या आणि सुट्टीच्या दिवशीही पर्स घेऊन दारात उभी!
दोन, रेस्पिट. हे पेशंटसाठी नाही, तुमच्यासाठी असतं. काही दिवस लाँग टर्म केअरच्या बेडवर त्यांना ठेवून घेतात आणि तुम्ही श्वास घेता. आपल्यात याची लाज वाटते, लोक काय म्हणतील वगैरे, पण कंबर धरली की त्याच लोकांना बोलवा उचलायला.
तीन, सीएसआयएल, म्हणजे आपला मदतनीस आपणच ठेवायची योजना. हेल्थ अथॉरिटी (त्या भागाची सरकारी आरोग्य संस्था) थेट पैसे देते आणि तुम्ही माणूस ठेवता, म्हणजे मराठी बोलणारी बाईसुद्धा शोधू शकता. पण पगार, टॅक्स, रजा सगळं तुमच्या गळ्यात, आणि घरच्या जवळच्या माणसालाच पगार देता येत नाही, अपवाद सोडून. पहिल्या वर्षी या भानगडीत पडू नये असं माझं मत.

दत्तू७
पूर्वाताई, सीएसआयएलबद्दल मी असहमत. आमच्याकडे होम सपोर्टला रोज नवा चेहरा यायचा, आई रोज नव्याने सांगणार की डावा बूट आधी घाल, आणि इंग्रजी येत नाही, म्हणजे सांगणार तरी कशी. एकच माणूस ठेवल्यावर घर शांत झालं. कागदपत्रं एकदा बसली की बसली.

पूर्वा_के
तुम्ही अकाउंटंट आहात काका, सगळ्यांना ते जमत नाही 😄

अनघा_एस
बापरे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी. मीनाताई, एक विचारू? असेसमेंटला केस मॅनेजर घरी येणार असं कळलंय. सासूबाईंचा स्वभाव असा की कोणी आलं की टुणटुणीत, "मला काही त्रास नाही हो, सगळं करते मी". काल डॉक्टरसमोर पण तेच. मग तास कमी मिळतील ना?

मीना_ओटी
मिळतीलच कमी, कारण बहुतेक इंटरराय नावाची प्रश्नावली भरतात आणि त्यात गेल्या तीन दिवसांत आंघोळ, चालणं, टॉयलेट याला प्रत्यक्ष किती मदत लागली ते विचारतात. "करू शकता का" पेक्षा "केलं का, कोणी किती धरलं" हे महत्त्वाचं. तेव्हा केस मॅनेजर येण्याआधीचे तीन-चार दिवस वही ठेवा, रात्री किती वेळा उठवलं, कुठे तोल गेला, कोणती गोळी राहिली, वेळेसकट. सासूबाईंसमोर त्यांना खोटं पाडू नका, त्यांना वाईट वाटतं आणि मग त्या जास्तच हट्टाने उभं राहून दाखवतात, जे धोक्याचं आहे. वही केस मॅनेजरच्या हातात द्या किंवा स्वयंपाकघरात बाजूला घेऊन बोला. दुभाषा आधीच मागून ठेवा, तुम्ही स्वतः भाषांतर करत बसलात तर सून म्हणून तुमचं म्हणणं मांडायचं राहून जातं.
आणि हो, "आम्ही करू मॅनेज" हे वाक्य तुमच्या नवऱ्याने त्या दिवशी तोंडातून काढायचं नाही. प्लॅनमध्ये घरचे काय करणार तेही धरलं जातं.

अनघा_एस
हाहा, नवरा नेमकं तेच म्हणतो. त्याला हा धागा पाठवते. आणि ठरलेले तास कमी वाटले तर?

शिरीष_टोरांटो
बीसीत प्रत्येक हेल्थ अथॉरिटीचं पेशंट केअर क्वालिटी ऑफिस असतं ना? तिथे लेखी द्या.

मीना_ओटी
ते आहेच, पण आधी केस मॅनेजरलाच फोन करून रीअसेसमेंट मागा. पडल्या, औषध बदललं, रात्रीचं उठणं वाढलं, असं काहीही झालं तरी मागता येतं. तिचं नाव आणि डायरेक्ट नंबर पहिल्याच भेटीत लिहून घ्या.