प्रीक्वेल पाहून आलेला राग तुम्ही कुणावर काढलात?

१९९९ च्या पावसाळ्यात हॉस्टेलवर एका कॉम्प्युटरसमोर आम्ही अकरा जण दाटीवाटीनं बसून 'स्टार वॉर्स'चा प्रीक्वेल, म्हणजे जुन्या सिनेमांच्या आधीची गोष्ट सांगणारा 'द फँटम मेनेस', पाहिला. दोन व्हीसीड्या, त्याही कुठल्याशा थिएटरात कॅमेरा लपवून उतरवलेल्या. मधूनच कुणाचं तरी डोकं पडद्यावर डावीकडून उजवीकडे जायचं. पॉडरेस, म्हणजे त्यातली उडत्या गाड्यांची शर्यत, ऐन रंगात आली आणि पहिली सीडी संपली. दुसरी खाली मेसमध्ये राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत पदरचे पैसे मोजून मी अख्ख्या वर्गाला लांबलचक मेल लिहिली. तिच्यात जॉर्ज लुकसच्या पटकथेबद्दल दोन ओळी, आणि बाकी सगळी टिंगल. पुढे खलनायक डार्थ व्हेडर होणाऱ्या छोट्या अ‍ॅनाकिनचं काम करणाऱ्या जेक लॉइडची आणि जार जार बिंक्स या विनोदी परग्रहवासी पात्राची. मी एकोणीस वर्षांचा घोडा. चित्रीकरणाच्या वेळी तो पोरगा आठ वर्षांचा. मेल तुफान फिरली. सिनेमासाठी मी एक दमडीही मोजली नव्हती, हे इथे नोंदवून ठेवतो.

२०१८ मध्ये अहमद बेस्टनं, म्हणजे जार जारचं काम केलेल्या नटानं, ब्रुकलिन ब्रिजवरचा फोटो टाकला. सोबत त्याचा लहान मुलगा. त्या टीकेच्या दिवसांत आपण याच जागी जीव द्यायच्या बेतात होतो, असं त्यानं लिहिलं होतं. माझी मराठी-इंग्रजी खिचडीतली मेल त्याच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. तरी मी ती शोधत बसलो. सापडली नाही.

सिनेमा मला आजही फसलेलाच वाटतो, त्यात बदल नाही. पण फसलेल्या प्रीक्वेलला झोडपावं का, आणि झोडपायचं तर नेमकं कुणाला? मतं नकोत, आपापले अनुभव लिहा. मतं येणारच म्हणा.

एडिसन, न्यू जर्सीहून

तुम्ही फुकट पाहिलात, मी पैसे मोजले, त्यामुळे मला शिव्या द्यायचा अधिकार जास्त! १९९८ च्या नोव्हेंबरात मी आणि रूममेटनं 'मीट जो ब्लॅक'ची तिकिटं काढली, आत 'मेनेस'चा ट्रेलर पाहिला आणि मुख्य सिनेमा सुरू व्हायच्या आत बाहेर पडलो. आमच्यासारखे बरेच होते. मग १९ मेला मध्यरात्रीचा खेळ. पिवळी अक्षरं वर सरकायला लागली, लोक खुर्च्यांवर उभे, आणि वाचतो तर काय, व्यापारी मार्गांवरच्या करांचा वाद. १९८३ पासून सोळा वर्षं थांबलो ते जकात नाक्यावरचं भांडण बघायला!

पहिल्या आठवड्यात मी तो तीनदा पाहिला. आवडला होता म्हणून नाही. आवडला आहे असं स्वतःला पटवायला. तिसऱ्यांदा बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये रूममेट गाडीची किल्ली हातात धरून बराच वेळ नुसता उभा होता, मग म्हणाला, "बोर आहे रे." आठवडाभर दोघांच्याही मनात तेच होतं, पण बोलायला कोणी तयार नव्हतं.

जुन्या 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'चा दिग्दर्शक इर्विन कर्शनर होता, पटकथेवर ली ब्रॅकेट आणि लॉरेन्स कॅसडन. 'मेनेस'ला लिहिणारा लुकस, दिग्दर्शक लुकस, कंपनीही लुकसची. "साहेब, हा प्रवेश पडतोय" असं सांगायला कोण उरलं? आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी तसली वाक्यं देणारा, टेक ओके करणारा आणि एडिटिंगला ती ठेवणारा माणूस एकच. त्याला झोडपलं तर मला काही वाटत नाही. अगदी आजही.

सांगली

मी ९७ चा. मी हा पिक्चर टीव्हीवर हिंदीतून पाहिला, पाचवीत असताना. झाडूच्या दांड्याला दोन्हीकडून लाल जिलेटिन गुंडाळून मी त्यातला खलनायक डार्थ मॉल झालो होतो, आणि आईनं त्याच दांड्यानं मला बदडला होता. भारी पिक्चर! तो वाईट असतो हे मला थेट इंजिनिअरिंगला सीनियरनं सांगितलं.

तोटा एकच झाला. जुने तीन मी नंतर पाहिले. व्हेडर नायकाला, ल्यूकला, "मी तुझा बाप" म्हणतो तेव्हा रूममधले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी म्हणालो, "हो, मग?" प्रीक्वेलवर माझा राग असेल तर तो एवढ्यासाठीच.

पॅथॉलॉजी लॅबमधून, नाशिक

स्टार वॉर्समधलं मला कळत नाही. पण २०१२ चा 'प्रोमिथियस' मी नवऱ्याबरोबर थिएटरात पाहिला. 'एलियन'च्या आधीची गोष्ट म्हणून मोठ्या हौसेनं गेलो होतो. परक्या ग्रहावर पोचून तास झाला नाही तोवर शास्त्रज्ञ हेल्मेट काढतो. का, तर हवा चांगली आहे! अहो, आम्ही हातमोजे काढून, हात धुऊन, अ‍ॅप्रन बाहेर अडकवल्याशिवाय चहाच्या कपाला शिवत नाही. पुढे जीवशास्त्रज्ञ एका फणा काढलेल्या सापासारख्या प्राण्याला मांजरासारखं चुचकारतो. ज्याच्या यंत्रांनी त्या गुहेचा नकाशा काढला, तोच भूशास्त्रज्ञ आत रस्ता चुकतो. मी इतक्या मोठ्यानं "शी!" म्हणाले की पुढच्या रांगेतले काका वळून बघायला लागले.

दिसतो मात्र देखणा. रिडली स्कॉटचा आहे, दिसणारच. म्हणूनच जास्त राग येतो.

अंधेरी

थोडं आमच्या बाजूनंही. मी कंपॉझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका फ्रेममध्ये जोडतो. सुरुवात रोटोपासून. म्हणजे नटाच्या केसांची कड फ्रेम-फ्रेमनं कापत बसायचं, सेकंदाला चोवीस फ्रेम. एकदा चार सेकंदांच्या शॉटवर नऊ दिवस गेले आणि वरून निरोप आला की प्राणीच बदललाय, नव्यानं करा. सिनेमा आल्यावर या कॉम्प्युटरवरच्या कामाला, म्हणजे सीजीला, लोक लिहितात, "सीजी भिकार." वाचून जेवण जात नाही.

२०११ चा 'द थिंग' आठवा, १९८२ च्या सिनेमाचा प्रीक्वेल. जुन्यातली रॉब बॉटिनची रबर आणि चिकट द्रवातली कामं बघून मी या धंद्यात आलो. नव्यासाठीही एका स्टुडिओनं खरे यांत्रिक पुतळे बनवले होते, ते कॅमेऱ्यासमोर चाललेही. नंतर त्यातल्या बहुतेकांवर सीजी चढवलं गेलं. शिव्या खाल्ल्या पडद्यावर जे दिसलं त्यानं, आणि पर्यायानं रात्रभर जागून ते करणाऱ्यांनी. निर्णय कुणाचा होता, हे तिकीटवाल्याला कुठे दिसतं? टीका करा, कडक करा, पण "सीजी भिकार" याऐवजी "हे असं का ठरवलं" असं विचारा. ८२ चा सिनेमाही आला तेव्हा समीक्षकांनी आडवाच केला होता, हे जाता जाता.

निवृत्त संस्कृत शिक्षिका, ठाणे

माझ्या मुलानं एकदा कानाला हेडफोन लावून दिले आणि म्हणाला, "आई, हे संस्कृत आहे, अर्थ सांग." 'मेनेस'मधल्या शेवटच्या द्वंद्वाचं ते समूहगान. चार वेळा ऐकलं. "कोरा, माता, राता" असलं काहीसं कानावर पडलं. विभक्ती नाही, क्रियापद नाही. मला वाटलं, माझीच श्रवणशक्ती गेली.

मग मुलानंच शोधून काढलं. जॉन विल्यम्सनं एका जुन्या वेल्श कवितेतल्या ओळींचा संस्कृत अनुवाद करून घेतला आणि त्यातली अक्षरं सुरांच्या सोयीनं फिरवून वापरली. व्याकरणाच्या पेपरात मी शून्य दिलं असतं. पण सांगू का, अंगावर काटा येतो! सिनेमा मी पाहिलेला नाही. ज्या सिनेमासाठी कुणी इतकं करतं, तो सबंध टाकाऊ कसा असेल, एवढंच मनात आलं.

सांगलीवालाच पुन्हा

काकू, पिक्चर बघा. तेवढी शेवटची पंधरा मिनिटं तरी.

सातारा

"शेवट माहीत असतो म्हणून प्रीक्वेल पडतात" असं कुणी लिहायच्या आत सांगतो. आमचे आजोबा कीर्तनकार. कीचक मरणार हे देवळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं, तरी भीम अंधारात पांघरूण घेऊन पडला की बायका पदर तोंडात धरायच्या. अ‍ॅनाकिनचा व्हेडर होणार हे माहीत असणं ही अडचणच नव्हती. तो का होतो, हे तीन सिनेमांत नीट सांगता आलं नाही, ही होती. 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये तो नायिकेला, पद्मेला, आपल्याला वाळू आवडत नाही असं सांगतो आणि ती त्याच्या प्रेमात पडते. आजोबांनी असा पूर्वरंग केला असता तर बुवांना नारळसुद्धा मिळाला नसता.

एडिसन, पुन्हा

साताऱ्याला नारळ माझ्याकडून.

टीकेचा परिणाम झाला, हेही खरं. दुसऱ्या भागात जार जार एकदम आक्रसला, तिसऱ्यात जवळजवळ मुकाच झाला. तेव्हा मी टाळ्या पिटल्या होत्या. धागाकर्त्यांनी लिहिलेल्या त्या फोटोनंतर ते जरा घशात अडकलं. २०२३ मध्ये 'मँडलोरियन' या स्टार वॉर्सच्याच मालिकेत छोट्या ग्रोगूला वाचवणारा जेडाय योद्धा म्हणून अहमद बेस्ट समोर आला, स्वतःच्या चेहऱ्यानं, दोन्ही हातांत लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाच्या तलवारी. मी घरात एकटाच होतो, तरी टाळ्या वाजवल्या.

२०२४ च्या मेमध्ये पंचवीस वर्षं झाली म्हणून 'मेनेस' परत थिएटरात लागला. लेकीला घेऊन गेलो, ती नऊ वर्षांची. जकातीची अक्षरं वर सरकत असताना तिनं पॉपकॉर्न संपवलं. जार जारची जीभ त्या यंत्राच्या झोतात सापडून बधिर होते, तिथं ती इतकी हसली की नाकातून सोडा आला. गाडीत बसल्यावर विचारलं, "पुढच्या पिक्चरमध्ये तो आहे ना?"

"आहे," म्हणालो, "थोडा वेळ."

धागाकर्ता

एका मित्राचा फोन आला होता. त्याच्याकडे त्या मेलची छापील प्रत आहे, डॉट मॅट्रिक्सवरची, कडेच्या भोकांच्या पट्ट्यांसकट. फोटो काढून पाठवू का, विचारतोय.