मदत हवी आहे: सोसायटीच्या निवडणुकीआधी बदनामीला तोंड द्यायची तयारी

सोसायटीची निवडणूक जवळ आलीय. सचिवांवर वॉटरप्रूफिंगच्या खर्चावरून वैयक्तिक चिखलफेक होणार, अशी चिन्हं आहेत. तिन्ही कोटेशनं, सभेचं इतिवृत्त, बँकेचे उतारे, ऑडिट रिपोर्ट तारीखवार फाइलला लावलेत. हे सभासदांना आधीच वाटून टाकावं की आरोप झाल्यावर? आधी वाटलं तर ज्यांच्या मनात शंका नाही त्यांच्याही मनात येते.

दुसरं, बदनामी व्हॉट्सॲपवर झाली तर नुसता स्क्रीनशॉट कोर्टात लंगडा पडतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे हॅश व्हॅल्यूसह (म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशासह) प्रमाणपत्र लागतं. त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. पुण्यात हे कोण करून देतं? मूळ फोन जमा करावा लागतो का? बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत एकच वर्ष, म्हणून आत्ताच विचारतोय.