मदत हवी आहे : स्टोक-ऑन-ट्रेंटमधील पाडलेल्या मातीकाम कारखान्यांची जुनी छायाचित्रे आणि ‘बॉम्बे’ लिहिलेले एक खोके

नमस्कार,

इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरात मी गेली नऊ वर्षे राहतो. आमच्या शेजारच्या आजी आज ८७ वर्षांच्या आहेत. त्यांनी उमेदीची सगळी वर्षे चिनी मातीच्या कपबशांच्या काठाला सोनेरी रेघ ओढण्याचे काम केले. गेल्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या हाती पत्र्याचा एक डबा दिला, ज्यात त्यांच्या वडिलांनी काढलेली ६४ छायाचित्रे आणि काही निगेटिव्ह आहेत. वडील एका कारखान्यात माल पेंढ्यात बांधण्याच्या खात्यात होते आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन गावभर हिंडत असत. त्यांनी टिपलेली बहुतेक बांधकामे आज जागेवर नाहीत. हा संग्रह शहराच्या अभिलेखागारात जावा, पण त्याआधी प्रत्येक चित्राखाली जागेचे नाव लिहिले जावे आणि ते आपल्या डोळ्यांदेखत व्हावे, अशी आजींची इच्छा आहे.

ज्यांना या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टन्स्टल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँग्टन ही सहा गावे १९१० मध्ये एकत्र करून हे शहर बनले. पायाखाली कोळसा होता, पांढरी माती कॉर्नवॉलहून येत असे आणि तयार माल कालव्याने बाहेर जात असे. येथील भट्ट्या बाटलीच्या आकाराच्या असत. बाहेरून दिसणारी विटांची बाटली हे खरे तर धुराडे, आणि खरी भट्टी त्याच्या पोटात. भांड्यांना धूर आणि ज्वाळा लागू नयेत म्हणून ती सॅगर नावाच्या जाड मातीच्या डब्यांत ठेवून, ते डबे एकावर एक रचून, दाराशी विटा लावून दोन-तीन दिवस भाजत. अशा भट्ट्या एके काळी २००० हून अधिक होत्या. आज ५० सुद्धा उरलेल्या नाहीत. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर कोळशाची जागा गॅसने आणि विजेने घेतली, बाटल्या निरुपयोगी ठरल्या आणि भराभर पाडल्या गेल्या. शेवटची भट्टी १९७८ मध्ये लाँग्टनलाच पेटवली गेली, तीही ही विद्या नोंदवून ठेवता यावी म्हणून मुद्दाम. आजींना ते दिवस स्वच्छ आठवतात.

संग्रहातील काही चित्रे सहज ओळखता आली. कालव्याकाठची घुमटाची गोल इमारत वेजवुड या चिनी मातीच्या भांड्यांच्या कंपनीच्या इट्रुरिया कारखान्याची, याबद्दल शंका नाही. १७६९ मध्ये सुरू झालेला तो प्रचंड कारखाना खालच्या खाणींमुळे खचत खचत कालव्याच्या पातळीखाली गेला होता. आज त्यातली तेवढी एक गोल इमारत शिल्लक आहे. खरी अडचण इतर चित्रांची आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीने ‘हाय स्ट्रीट, १९३८’ एवढेच लिहिलेले आहे, पण ही गावे स्वतंत्र असल्यापासून एकाच नावाचे रस्ते अनेक गावांत होते आणि तो घोळ मिटवण्यासाठी १९५० च्या दशकात त्यांतल्या अनेकांची नावे बदलली गेली. भिंतीवर रंगवलेले नाव म्हणावे तर छायाचित्रात फक्त ‘अँड सन्स’ एवढाच शेवट आला आहे, आणि अशा शेवटाच्या कंपन्या येथे गल्लोगल्ली होत्या.

मी सध्या ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा संस्थेच्या २५ इंची (एका मैलाला २५ इंच) जुन्या नकाशांवर काम करतो आहे. त्यांत प्रत्येक भट्टी लहान वर्तुळाने दाखवलेली असते, त्यामुळे चित्रात तीन अरुंद आणि दोन जाड बाटल्या कोणत्या क्रमाने दिसतात हे मोजून तशीच वर्तुळे नकाशावर शोधता येतात. या पद्धतीने आतापर्यंत ११ जागा सापडल्या. एरोफिल्म्स या कंपनीने विमानातून घेतलेल्या चित्रांशी त्या ताडूनही पाहिल्या. यापेक्षा वेगळी वाट कोणास ठाऊक असल्यास अवश्य सुचवावी.

आता ज्या चित्रासाठी मी मुद्दाम मराठीत विचारतो आहे, त्याबद्दल. ओल्या फरसबंदीचे अंगण आहे, मागे लोखंडी पट्टे आवळलेली भट्टी आणि तिचे विटांनी बंद केलेले दार दिसते. पुढे लाकडी खोके आहे, त्याच्या फटीतून पेंढा बाहेर आला आहे, आणि फळीवर काळ्या अक्षरांत ‘बॉम्बे’ असे छापलेले आहे. शेजारी तीन वेढ्यांची स्टॅफर्डशायर गाठ आणि दोन अक्षरे आहेत. ती गाठ अनेक कारखाने वापरत असल्याने केवळ तिच्यावरून काही ठरत नाही. ज्यांच्या घरी आजी-पणजीच्या वेळच्या, साधारण १९३० ते १९५० मधील विलायती बशा असतील, त्यांनी कृपया एक बशी पालथी करून पाहावी. गाठ, तिच्या आत किंवा बाजूला अक्षरे आणि गावाचे नाव आढळले, तर शिक्क्याचे छायाचित्र येथे द्यावे. काही बशांवर माल मागवणाऱ्या दुकानाचे नावही छापलेले असते. ते मुंबईतील असेल तर फारच उपयोगी पडेल. मुंबईचे या गावाशी नाते जुने आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातील फरशा मिंटन या येथील कंपनीच्या, त्या येथूनच गेल्या.

दुसरी मदत निगेटिव्हबद्दल हवी आहे. काहींना व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला आहे, म्हणजे ॲसिटेट फिल्म कुजू लागली आहे. काहींच्या कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द दिसत नाही, त्यामुळे त्या ज्वालाग्राही नायट्रेटच्या असतील या भीतीने त्या मी वेगळ्या, थंड जागी ठेवल्या आहेत आणि स्कॅनरजवळ नेलेल्या नाहीत. अशा फिल्मचे काम प्रत्यक्ष केलेले कोणी असल्यास सल्ला द्यावा. वडील १९७१ मध्ये वारले असल्याने चित्रांचे हक्क अजून आजींकडेच आहेत, तेव्हा येथील चित्रे त्यांना विचारल्याशिवाय पुढे पाठवू नयेत, ही विनंती.

खोक्याचे चित्र त्यांच्या परवानगीने पहिल्या प्रतिसादात टाकतो आहे. मोठे करून पाहिल्यास गाठीच्या उजवीकडे पहिले अक्षर बी दिसते; दुसरे मला एल वाटते, आजींना मात्र ते टी वाटते.