गाडी सावध झाली म्हणून चालक बेसावध झाला का?

आडवळण

गेल्या महिन्यात भावाची नवी गाडी दोन दिवस माझ्याकडे होती. शेजारच्या लेनमधून कोणी येत असेल तर आरशात पिवळा दिवा लागतो, पट्टा ओलांडला की स्टिअरिंग थरथरतं, पुढची गाडी हळू झाली की ही आपली आपण हळू होते. साडेतीनशे किलोमीटर मजेत गेलो. तिसऱ्या दिवशी माझ्या जुन्या गाडीत बसलो. लेन बदलायची होती. आरशाकडे ओझरतं पाहिलं, दिवा नाही, वळवली. शेजारून कर्णकर्कश हॉर्न. दिवा लागला नव्हता, कारण माझ्या गाडीत तो दिवाच नाही.

वीस वर्षांची सवय दोन दिवसांत गेली, म्हणून हा धागा. माझं म्हणणं सरळ आहे: या यंत्रणा आपला जीव वाचवत असतीलही, पण चालक म्हणून आपल्याला निकामी करताहेत.

हे मला एकट्याला सुचलेलं नाही. शिकागो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं की गाडी सुरक्षित केली की चालक त्या प्रमाणात जास्त धोका पत्करतो, आणि आतल्या माणसाचा वाचलेला जीव रस्त्यावरच्या पादचाऱ्याच्या नावे पडतो. पुढे म्युनिकमध्ये टॅक्स्यांवर प्रयोग झाला. काहींना एबीएस, म्हणजे कचकन ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा, काहींना नाही. अपघातांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक पडलाच नाही, कारण एबीएसवाले वळणं जास्त जोरात घेत होते, लेन कमी पाळत होते. कंपनीने दिलेली सुरक्षितता चालकांनी वेगात खर्च करून टाकली.

"आमच्या वेळी असं नव्हतं" या चालीवरचा हा धागा नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

ब्रेकशू

पेल्ट्झमन आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

अहो, त्या लेखाला पन्नास वर्षं होऊन गेली. चालक थोडेफार सैलावतात हे मान्य. पण सगळा फायदा त्यात धुऊन निघतो, असं पुढचे आकडे दाखवत नाहीत. सीटबेल्टच घ्या. व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये तीन टोकांचा पट्टा आणला आणि पेटंट असूनही कंपनीने तो इतरांना वापरू दिला. पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका त्याने साधारण ४५ टक्क्यांनी घटतो. पट्टा लावला म्हणून कोणी दुप्पट वेगाने गाडी हाणतं का?

आणि ईएससी. गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा, १९९५ मध्ये आली. आयआयएचएस म्हणून अमेरिकेतल्या विमा कंपन्यांची महामार्ग सुरक्षा संस्था आहे. तिने पाहणी केली तेव्हा एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसला. निम्म्यावर! आणि बहुतेकांना ही यंत्रणा आपल्या गाडीत आहे हे ठाऊकही नसतं. ठाऊकच नाही तर माजणार कुठून?

तुमच्या किश्श्यात दोष दिव्याचा नसावा. पूर्वीही मान न वळवता आरशावरच भागवत होता, असं तर नाही ना? (ह. घ्या.)

आडवळण

हलकेच घेतलं. पण "ठाऊकच नाही तर माजणार कुठून" हे तुम्ही माझ्या बाजूने बोललात! ईएससी गुपचूप काम करते. एबीएस पायाखाली थरथरतं, ते आहे हे कळतं. आणि आताच्या यंत्रणा तर दिसतात, बोलतात, चालकाचं काम स्वतःच्या अंगावर घेतात. माझा आक्षेप त्यांना आहे.

मागची सीट

मला गाडी येत नाही, मी कायम मागे बसते. नवऱ्याची जबाबदारी वाढली की घटली ते माहीत नाही. माझं "अहो, हळू" म्हणणं मात्र बंद झालंय, कारण आता गाडीच म्हणते. तिचं ते ऐकतात, हा भाग वेगळा.

क्लच सोडा हळूच

मी गाडी शिकवते, अठरा वर्षं झाली. जे रोज दिसतं ते सांगते.

घरच्या नव्या गाडीवर थोडाफार हात बसवून आलेली मुलं रिव्हर्स घेताना मान वळवतच नाहीत. डोळे पडद्याला चिकटलेले. कॅमेरा मागचं दाखवतो, पण रिव्हर्समध्ये स्टिअरिंग फिरवलं की गाडीचं नाक विरुद्ध बाजूला बाहेर फेकलं जातं, ते त्या पडद्यावर कुठे असतं? पुढचा कोपरा खांबाला घासतो आणि पहिलं वाक्य येतं, "सेन्सर वाजलाच नाही." "मी पाहिलं नाही" असं कोणी म्हणत नाही. तुम्ही जबाबदारी म्हणताय ती मला इथे निसटताना दिसते. वाक्याचा कर्ताच बदलतो.

पण कॅमेरा काढून टाका, असं मी मेले तरी म्हणणार नाही. गाडीच्या मागे अगदी बंपरला टेकून बसलेलं लहान मूल कुठल्याच आरशात दिसत नाही, मान कितीही वळवा. म्हणून मी पहिले आठ तास पडद्यावर कापड टाकते. हात आणि मान तयार झाली की कापड काढते. पालक विचारतात, एवढे पैसे मोजून घेतलेली सोय झाकता का? हो, झाकते.

एबीएसचं तर कोणी शिकवतच नाही. मी रिकाम्या मैदानावर कचकन ब्रेक मारायला लावते. पेडल पायाखाली धडधडायला लागलं की दहातले सात-आठ जण घाबरून पाय काढतात, काहीतरी मोडलं म्हणून. नेमका तेव्हाच पाय दाबून ठेवायचा असतो आणि स्टिअरिंग फिरवून अडथळा चुकवायचा असतो. त्यासाठीच तर ते आहे! ब्रेक लगेच लागावा म्हणून नव्हे. सुट्या खडीवर तर एबीएसने गाडी उलट थोडी लांबच थांबते. यंत्र बसवलं, पण वापर कोणाला सांगितला?

ब्रेकशू

कापडाची युक्ती उचलतोय, मुलगी शिकते आहे.

आडवळण, चालकाचं काम अंगावर घेणाऱ्या यंत्रणांबद्दल. समोर धडक होणार असं दिसलं की आपोआप ब्रेक लावणारी एईबी घ्या. आयआयएचएसच्याच पाहणीत, नुसता इशारा देणाऱ्या गाड्यांमध्ये पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचे अपघात २७ टक्क्यांनी कमी दिसले आणि स्वतः ब्रेक लावणाऱ्यांमध्ये ५० टक्क्यांनी. मधली जी तफावत आहे ना, ती बहुधा बजावूनही ज्यांचा पाय वेळेत पोचला नाही त्यांची आहे. त्यांना काय जबाबदारीवर व्याख्यान द्यायचं?

शेवटी ९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात. मग माणसाच्या हातातून जेवढं काढून घेता येईल तेवढं बरंच.

कंट्रोल रूम

९४ चा आकडा जरा जपून वापरा. तो अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याचा आहे आणि त्याचा अर्थ एवढाच की घटनांच्या साखळीतली शेवटची कडी चालकापाशी होती. त्यावरून दोष ठरवू नका, असं त्याच अहवालात म्हटलंय. आंधळं वळण, पुसलेले पट्टे, चुकीच्या जागचा चौक या आधीच्या कड्या त्या आकड्यात दिसत नाहीत.

आता माझा मुद्दा. मी कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये पाळ्या करतो. सगळं सुरळीत चाललेल्या पडद्याकडे आठ तास बघत बसणं म्हणजे काय ते मला विचारा. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये यावरचं संशोधन छापलं होतं. रडारवाल्यांची नजर का ढळते, हा प्रश्न होता. घड्याळासारख्या तबकडीवर काटा एकेक टप्पा पुढे जायचा, मधूनच दोन टप्पे उडी मारायचा. ती उडी टिपायची, बस. अर्ध्या तासातच लोकांच्या चुका वाढायला लागल्या. ही माणसं आळशी नव्हती. मेंदूच तसा आहे. १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज यांनी यातली गोम सांगितली: सोपं काम यंत्राकडे देता आणि यंत्राला न जमणारं अवघड काम माणसाकडे ठेवता, तेही त्याचा सराव मोडून.

मार्च २०१८, अमेरिकेतलं टेम्पी. उबरची चाचणीची व्होल्वो गाडी स्वतःच चालत होती, आत लक्ष ठेवायला एक चालक. रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी बाई त्या गाडीखाली गेली. चालकाची नजर फोनवर होती. पण त्या व्होल्वोची स्वतःची एईबी होती, ती चाचणीच्या वेळी बंद ठेवायचे! म्हणजे ब्रेकशू ज्याचं कौतुक करताहेत ते बंद आणि आडवळण ज्याला घाबरताहेत ते चालू. दोन्ही वस्तू एकाच टोपलीत घालून वाद घालू नका, एवढंच म्हणतो. शेवटच्या क्षणी मधे पडणारं यंत्र वेगळं आणि तासन्‌तास आपली खुर्ची चालवणारं यंत्र वेगळं.

फौजदारी खटला चालकावर झाला. कंपनीवर झाला नाही.

उतारावर न्यूट्रल

वरचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. धंदा तिथेच आहे.

स्वयंचलनाचे शून्य (सगळं चालकच करतो) ते पाच (सगळं गाडीच करते) असे स्तर आहेत. आज दुकानात "जवळजवळ स्वतःच चालते" म्हणून विकतात त्या बहुतेक गाड्या स्तर दोनच्या. त्यात कायद्याने चालवणारे तुम्हीच. जाहिरातीत गाडी हुशार, अपघातानंतर चालक निष्काळजी. मर्सिडीजने २०२२ मध्ये जर्मनीत स्तर तीन आणला, ज्यात नजर काढायची खरोखर मुभा होती, तेव्हा मर्यादा काय घातली? ठरावीक महामार्ग आणि ताशी ६० किलोमीटर. जबाबदारी स्वतःच्या गळ्यात येणार म्हटल्यावर कंपन्या किती जबाबदार होतात बघा.

टेस्लाने डिसेंबर २०२३ मध्ये २० लाखांहून जास्त गाड्यांमध्ये ऑटोपायलटचे, म्हणजे गाडी अर्धवट स्वतः चालवणाऱ्या यंत्रणेचे, इशारे कडक केले, तेही सरकारी चौकशीनंतर. "ऑटोपायलट" हे नाव ठेवायचं आणि मग म्हणायचं, हात स्टिअरिंगवर ठेवा.

ब्रेकशू

कंपन्यांबद्दल सहमत. पण स्टिअरिंगवर हात आहे असं गाडीला भासवणारं वजन विकायला आलं होतं, अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०१८ मध्ये त्याची विक्री थांबवायला लावली. ते घेणारे कंपनीचे लोक नव्हते, चालकच होते. बेजबाबदारी करायला जो वेगळे पैसे मोजतो, त्याला यंत्राने बिघडवलं म्हणायचं?

आडवळण

कंट्रोल रूम यांनी केलेला फरक पटला. माझं वाक्य दुरुस्त करतो: निकामी करते ती दुसऱ्या जातीची यंत्रणा. ब्रेकशू, तुमच्याच आयआयएचएसने २०२४ मध्ये सांगितलंय की गाडी अर्धवट स्वतः चालण्याने अपघात टळतात, असा पुरावा त्यांना सापडला नाही. आणि पादचाऱ्यांसाठीची एईबी एरवी उपयोगी, पण दिवे नसलेल्या रस्त्यावर अंधारात फरक शून्य, हेही त्यांचंच. जिथे गरज जास्त तिथेच आंधळी.

आणखी एक. ३ सप्टेंबर १९६७ ला स्वीडनने डावीकडची वाहतूक एका रात्रीत उजवीकडे नेली. सगळ्यांना वाटलं, हाहाकार होणार. झालं उलटंच, अपघात घटले, कारण प्रत्येक जण जीव मुठीत धरून चालवत होता. अंगवळणी पडलं तसे ते पुन्हा पूर्वपदावर आले. भीती गेली की लक्ष जातं. गॉर्डन टलक नावाच्या अर्थतज्ज्ञांची थट्टा प्रसिद्ध आहे: एअरबॅग नको, स्टिअरिंगमधून छातीवर रोखलेला भाला बसवा, बघा कसे जपून चालवतात.

ब्रेकशू

भाला बसवा, मी जपून चालवीन. मागून येऊन मला ठोकणाऱ्याचं काय? त्याच्या चुकीची शिक्षा माझ्या छातीत.

रात्रपाळी

इतका वेळ नुसता वाचत होतो.

मागच्या हिवाळ्यात पहाटे तीनला पाळी संपवून निघालो. मोकळा रस्ता, वेग शंभर. त्या वेगाने दोन सेकंदांत गाडी ५५ मीटर जाते, हे मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. डोळा कधी लागला कळलं नाही. स्टिअरिंग थरथरलं आणि जागा झालो तेव्हा डावं चाक पट्ट्याबाहेर होतं, पलीकडे उतार. आडवळण, तुमचं सगळं खरं असेल. मला त्या थरथरीचा राग येऊ शकत नाही.

आडवळण

येऊही नये. बरं झालं तुम्ही लिहिलंत. एकच विचारतो, उलटतपासणी म्हणून नव्हे: नंतर गाडी बाजूला घेतलीत का?

रात्रपाळी

नाही. काच खाली केली, गाणी मोठी केली आणि उरलेले चाळीस किलोमीटर तसाच गेलो. वाटेत ते आणखी दोनदा थरथरलं. समोर विश्रांती घ्या म्हणून कपाचं चित्रही आलं, ते ओके दाबून घालवलं. जुनी गाडी होती तेव्हा निघायच्या आधी खुर्चीतच वीस मिनिटं डोळे मिटून घ्यायचो. ते कधी सुटलं, आठवत नाही.

ब्रेकशू

हे लागलं. पण मग ते चित्र ओके दाबून जायलाच नको ना. गाडी दहा मिनिटं थांबवल्याशिवाय घालवताच येणार नाही, असं करायला हवं.

आडवळण

म्हणजे आणखी एक यंत्रणा?

ब्रेकशू

हो. आणखी एक.