‘मृगाचा किडा’ की ‘लाल कोळी’?

परभणीहून विचारणा :
पहिला मोठा पाऊस झाला की शेताच्या बांधावर जो मखमली, लालभडक जीव सावकाश चालताना दिसतो, त्यास आमच्याकडे ‘मिरगाचा किडा’ म्हणतात. त्यास आठ पाय असल्यामुळे मुलांनी प्रकल्पवहीत ‘लाल कोळी’ असे लिहावे, अशी सूचना एका शिक्षकांनी केली आहे. ती ग्राह्य धरावी काय?

छत्रपती संभाजीनगरहून उत्तर :
पायांची मोजणी बरोबर आहे, सुचवलेला शब्द मात्र अडचणीचा आहे. हा जीव ट्रॉम्बिडिइडी कुळातला असून कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या वर्गात मोडतो, त्यामुळे तो ‘कीटक’ नव्हे. परंतु ‘किडा’ हा शब्द मराठीत कधीच सहा पायांपुरता बांधलेला नव्हता, आणि ‘कीटक’ या पारिभाषिक शब्दाची व्याख्या त्याच्यावर लादण्याचे कारण नाही. (शिवाय या जिवाच्या अळीला सहाच पाय असतात. ती नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचा देहरस शोषते. प्रौढ मात्र मातीत राहून कीटकांची अंडी खातात.)

खरी अडचण शेतीच्या भाषेत आहे. ‘लाल कोळी’ हे वांगी, भेंडी अशा पिकांच्या पानांतला रस शोषणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या उपद्रवी जिवाचे रूढ नाव असून त्याच्यासाठी दुकानात कोळीनाशक मिळते. तेच नाव पिकाला न छळणाऱ्या, सेंटिमीटरभर लांबीच्या या जिवाला दिले, तर ज्याच्यावर औषध फवारण्याचे काहीच कारण नाही त्याच्यावरही फवारा जाईल. वर्गीकरण सांगायचेच असेल तर ‘मृगाचा किडा, एक मखमली कोळी’ असे लिहावे.

देगलूरहून पुरवणी :
आमच्या सीमाभागात तेलुगू बोलणारे यास ‘आरुद्र पुरुगु’, म्हणजे आर्द्रा नक्षत्राचा किडा, असे म्हणतात, तर उर्दू बोलणाऱ्या घरांत तो ‘बीरबहूटी’ असतो. सूर्य मृग नक्षत्रात साधारण ७ किंवा ८ जूनला आणि आर्द्रेत २१ किंवा २२ जूनला जातो, म्हणजे एकाच जिवाला शेजारच्या दोन भाषांनी लागोपाठच्या दोन नक्षत्रांची नावे दिली. प्रत्यक्षात त्याला बाहेर काढते ती ओल. पाऊस लांबला की मृगाचा किडाही आर्द्रेत निघतो. संस्कृतातील ‘इंद्रगोप’ हे नाव या दृष्टीने अधिक नेमके वाटते, कारण ज्याचा रक्षक इंद्र, म्हणजे पावसाचा देव, असा त्याचा विग्रह केला जातो आणि त्यात तिथीची अट नाही. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तील वर्षावर्णनात इंद्रगोपांनी भूमी रत्ने ल्यायलेल्या स्त्रीसारखी शोभते, असे म्हटले आहे.

परभणीहून पुन्हा :
आभारी आहे. मग ‘किडा दिसला, आता पेरायला हरकत नाही’ या बोलण्याचे काय करावे?

छत्रपती संभाजीनगरहून :
तो वाक्प्रयोग हौसेने नोंदवावा, पण त्याच्या भरवशावर बियाणे मातीत घालू नये. किड्याला वरच्या थराची ओल पुरते. पेरणीसाठी मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा, असे आपल्याच परभणीचे कृषी विद्यापीठ सांगते.